माळावरचा घरजावई

फोन भाऊजींच्याच नंबरावरून आला होता. मी शेंदूरजनाघाटला माझ्या नर्सरीत होतो. सकाळची वेळ, बाया पिशव्यांत माती भरत होत्या आणि मी सवयीनं त्यांच्यावर उगाच खेकसत होतो. स्क्रीनवर 'भाटवे' असं नाव उमटलं. आमच्या वऱ्हाडात बहिणीच्या नवऱ्याला भाटवे म्हणतात. तोंडावर मी त्यांना भाऊजीच म्हणायचो, पण फोनमध्ये नाव असं टाकून ठेवलं होतं, कारण एकदा त्यांनी ते पाहिलं आणि कितीतरी वेळ हसत बसले होते. मी फोन कानाला लावला आणि नेहमीचंच विचारलं, "बोला भाटवे, काय म्हणून राहिले लांडगे?" पलीकडून काही आलं नाही. मग ताईचा आवाज. "भाऊ... हे गेले रे." एवढंच. अमरावतीला पोचेपर्यंत मला एकच गोष्ट टोचत राहिली, की नवरा गेल्यावर माझ्या बहिणीच्या कानावर सख्ख्या भावाचं पहिलं वाक्य पडलं ते लांडग्यांचं. हे मी तिला नंतर बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून तेच तर पडून राहिलं."

घरी पोचलो तेव्हा त्यांचे बूट पायरीवर तसेच होते. अकोल्याकडे निघायचं म्हणून पायरीवर बसून बूट घालत होते. एकाची नाडी बांधून झाली, दुसऱ्याची बांधायला वाकले ते तसेच कलले. हृदय, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला त्यावर फारसं काही म्हणायचं नाही. माणूस कशानं जातो आणि कशानं खचतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचं खचणं मी जवळून पाहिलं होतं. अकोला जिल्ह्यात ज्यांच्या घरी कधी गाय अडली असेल त्यांना डॉ. श्रीधर हे नाव ठाऊक असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. गुरांचे डॉक्टर, सरकारी नोकरीतले, निवृत्त होऊन अमरावतीला घर बांधलेले, आणि उरलेल्या सगळ्या वेळात लांडग्यांचे.

आमच्या घराण्यात सोयरिकी नात्यातच व्हायच्या. मुली दोन-तीन गावांतच फिरायच्या, या घरची त्या घरी आणि त्या घरची परत या घरी. ताईचंही आत्याच्या मुलाशी ठरल्यासारखंच होतं. पण ती अमरावतीला शिकायला गेली आणि तिनं हिवरखेडचा हा माणूस निवडला. नात्याचा ना गोत्याचा. आमच्या वडिलांनी लग्न लावून दिलं, पण मांडवात ते पाहुण्यासारखे वावरत होते. मी तेव्हा कोवळा, पण राग मोठा. लग्नात नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो. बाकीचे भाऊ नावापुरता पिळतात. मी जीव खाऊन पिळला. कान लालभडक झाला तरी हा माणूस हूं की चूं नाही. वाकून माझ्या कानात म्हणाला, "अजून पिळ रे, पण ताई तर नेतोच मी." तेव्हापासून आमचं जे जमलं ते जमलंच. पुढं कधी भांडण झालं की ते मला कान दाखवायचे.

लांडगा त्यांना नोकरीतच भेटला. अकोल्याच्या दक्षिणेला पातूरकडे चढत गेलं की जी माळरानं लागतात, त्या भागातल्या एका दवाखान्यात त्यांची बदली झाली होती. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, आणि पुढं ज्या मेंढपाळाला मी नामदेव म्हणणार आहे त्याचंही ते खरं नाव नाही. या नामदेवाची लांडग्यानं धरलेली मेंढी टाके घालायला आली आणि हे मेंढीपेक्षा दातांच्या खुणा जास्त वेळ पाहत बसले. मग माळावर जाऊन बसायला लागले. मला म्हणायचे, "वाघ पाहायला सारं जग मेळघाटात जातं. चिखलदऱ्याला हॉटेलात बसून कॉफी पितात आणि वाघाच्या गप्पा मारतात. लांडग्याकडं कोणी पाहत नाही. ज्या माळावर तो राहतो त्याला कागदोपत्री पडीक म्हणतात." त्यांची काम करायची रीतही जगावेगळी होती. कॅमेरे वगैरे नंतर आले, पण आधी ते लग्नं गाठायचे. माळाच्या आजूबाजूच्या गावांतलं एक लग्न म्हणून त्यांनी चुकवलं नाही. कारण लग्नात साऱ्या वाड्यावस्त्यांचे मेंढपाळ एका मांडवात भेटतात. पंगतीत वांग्याची भाजी वाढली जात असे आणि हे शेजारच्याला विचारत असत, तुमच्याकडच्या लांडगीनं यंदा कुठं बीळ केलं, पिल्लं दिसली का, कोणी नवीन आलं का. ताई बिचारी बायकांच्या पंगतीतून पाहायची, की नवरा जेवतोय कमी आणि बोलतोय जास्त.

नावंही त्यांनी गावच्या चालीनंच ठेवली. आपल्याकडे सून घरात आली की तिच्या माहेराच्या गावावरून तिला हाक पडते, मोर्शीवाली, अकोटवाली. तसं त्यांच्या कळपात एक रिसोडवाली होती. दुसऱ्या माळावरून चालत आलेली मादी. वयात आलेला लांडगा घर सोडतो, कितीतरी लांब चालत जातो आणि परक्या माळावर जोडीदार शोधतो. मादी आली तर सून, आणि नर आला तर भाऊजी त्याला घरजावई म्हणायचे. "आपल्यात घरजावयाला हसतात," ते म्हणायचे, "लांडग्यात त्याच्यावाचून घर चालत नाही." गावातल्या शाळेच्या भिंतीवर त्यांनी कळपातल्या एकेकाचं चित्र काढून घेतलं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहवून घेतलं, 'आपले लांडगे'. पोरांना, मेंढपाळांना, चहावाल्याला, साऱ्यांना ओळखायला शिकवलं. हा तुटक्या कानाचा, ही काळ्या शेपटीची, हा लंगडा. पूर्वी लांडगा दिसला की दगड उचलणारी माणसं आता सांगायची, आमचा तुटका काल नाल्याकडे दिसला. मेंढी गेली तर शिव्या द्यायची, पण आपल्या घरच्याला देतात तशा. भाऊजींच्या आयुष्यातला हाच खरा आनंद होता, आणि पुढं जे झालं ते याच आनंदातून झालं.

त्यांच्या अमरावतीच्या घरात मागच्या खोलीत एक डीप फ्रीझर आहे. त्यात नळ्या आहेत, नळ्यांत लांडग्यांची विष्ठा, बाभळीच्या काट्यांना अडकलेले केस. वीज गेली की इन्व्हर्टरवर फ्रीझर चालायचा आणि पंखा बंद. अमरावतीच्या उन्हाळ्यात! "लांडग्याच्या लेंडांले थंडी आणि बायकोले घाम," असं ताई आल्यागेल्याला सांगायची. त्यांच्या दवाखान्यात काम शिकून गेलेली एक जुनी विद्यार्थिनी दूरच्या एका प्रयोगशाळेत होती, तिच्याकडे हे नमुने जायचे आणि तिकडून कळायचं कोण कोणाचा कोण. एका हिवाळ्यात असाच निकाल आला आणि भाऊजी जेवता जेवता थांबले. रिसोडवाली मरून बराच काळ लोटला होता. तिच्यानंतर बाहेरून कोणीच आलं नव्हतं. मधे रुंद रस्ता झाला होता, त्याच्या पलीकडे प्लॉट पडले होते, कुंपणं आली होती. माळावर जो कळप उरला होता त्यात बापानं लेकीशी आणि भावानं बहिणीशी जोडी केली होती. सारे एकाच घरचे.

मला आधी कळलं नाही त्यात एवढं काय. ते नर्सरीत आले होते तेव्हा त्यांनी मला माझ्याच धंद्यावरून समजावलं. शेजारच्या बागेत तेव्हा डिंक्या लागला होता. संत्र्याच्या खोडातून डिंक गळतो आणि झाड वाळत जातं. एका ओळीत शिरला तो साऱ्या बागेत फिरला. "ही बाग कोणाच्या कलमांची?" त्यांनी विचारलं. कलमं माझीच होती, एकाच झाडाचे डोळे, म्हणजे कळ्या, घेऊन बांधलेली. "म्हणजे बागेत झाडं पुष्कळ दिसतात, पण खरं तर झाड एकच आहे," ते म्हणाले. "एकाला जे झेपलं नाही ते कोणालाच झेपणार नाही. शरीराला शत्रू ओळखावा लागतो, साळेबुवा. ओळखला तर लढता येतं. ती ओळख रक्तात असते, अर्धी आईकडून आलेली, अर्धी बापाकडून. आई एकीकडची, बाप दुसरीकडचा असला तर पिल्लाला दोन्हीकडचे शत्रू ओळखता येतात. दोघं एकाच घरचे असले तर आईला जेवढं ठाऊक तेवढंच बापाला. मग एखादा असा रोग येतो की जो कोणालाच ठाऊक नसतो." मी चिडून म्हणालो, माझ्या धंद्यावर घसरू नका. पण ते बोलून झाल्यावरही खोडाला हात लावून उभे होते, आणि ते माझ्या बागेचा विचार करत नव्हते हे मला दिसत होतं. त्यांना भीती होती डिस्टेंपरची. कुत्र्यांचा रोग. गावोगाव फिरून ते कुत्र्यांना लशी टोचायचे, पण मेंढरांबरोबर दर मोसमाला नवी कुत्री माळावर यायची. रोग आज ना उद्या येणार हे त्यांना कळत होतं. तो यायच्या आधी कळपात बाहेरचं कोणीतरी यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. एक जावई, बस.

आणि तो आला. एका पावसाळ्याच्या शेवटी कॅमेऱ्यात त्यांना एक नर दिसला, उंच, रंगानं अंमळ तांबूस. भिंतीवरच्या चित्रांत नसलेला. त्या दिवशी त्यांनी मला फोन केला तेव्हा मला आधी वाटलं, काहीतरी वाईट झालं, कारण त्यांचा आवाज कापत होता. "आला रे," एवढंच म्हणत होते. त्याची विष्ठा मिळाली, ती तपासायला गेली. पण गावात त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मी विचारलं, एवढी आनंदाची गोष्ट, मग नामदेवाला तरी सांगा. तर म्हणाले, "सोयरीक पक्की होईपर्यंत बोलू नये. नाट लागते." हे ते हसत म्हणाले. शिकलेला माणूस, त्याचा अशा गोष्टींवर काय विश्वास. पण आपल्या रक्तात ते असतंच. घरात मुलीला पाहायला येणार असले तर आपण शेजाऱ्याला कळू देत नाही, ठरलं की मगच पेढे वाटतो. तसंच केलं त्यांनी. तो नर कळपाच्या कडेकडेनं वावरत होता, काळ्या शेपटीच्या मादीच्या मागावर होता. जोडी जमली की नामदेवाच्या घरी स्वतः पेढे घेऊन जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्या दिवाळीत ते अमरावतीला होते. भाऊबीज झाल्यावर माळाकडे गेले, मीही सोबत होतो. नामदेवानं अंगणात बाज टाकली, त्याच्या बायकोनं चिवडा आणि चहा आणला. आणि मग त्यानं मोठ्या उमेदीनं सांगायला सुरुवात केली. "साहेब, तुमी नोयते तं एक परका लांडगा घुसला होता आपल्या रानात. आमी लगेच ओयखला, आपला नोय म्हून. आपल्याईच्या मांगं लागला होता. मंग साऱ्या पोट्ट्याईले गोया केलं, कुत्रे सोडले, सुतळी बॉम्ब फोडले. पार रोडाच्या तिकडं नेऊन घातला. आता नाई येत थो." त्याचा चेहरा असा फुलला होता की त्याच्याकडे पाहवत नव्हतं. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांच्या हातात चिवड्याची ताटली होती. त्यांनी एक घास खाल्ला, चावला, गिळला. मग म्हणाले, "शाबास, नामदेव." परतताना अकोला ओलांडल्यावर गाडीत बोलले ते एवढंच, "गावाला परका ओळखायला मीच शिकवलं."

निकाल नंतर आला. त्या नराचं रक्त कळपापेक्षा अगदी वेगळं होतं, जसं हवं तसंच. तो पुन्हा दिसला नाही. काळ्या शेपटीच्या मादीला त्या वर्षी पिल्लं झाली ती तिच्या भावापासूनच. आणि पुढच्या वर्षी रोग आला. एक दिवस भर दुपारी एक तरणा लांडगा रस्त्याच्या मधोमध उभा राहिलेला लोकांना दिसला. ट्रक भोंगे वाजवत होते आणि तो हलत नव्हता. डोळ्यांत पू, नाकातून पाणी, जबडा थरथरत होता. गावात बोंब झाली की पिसाळला. भाऊजींनी पाहिलं आणि ओळखलं, डिस्टेंपर. त्यानंतरचे आठवडे मला लिहायला नको वाटतात... रोज कोणी ना कोणी फोन करायचं, तुटका नाल्यात पडला आहे, लंगडा दिसत नाही. पिल्लं तर बिळाच्या तोंडाशीच. आजार एकसारखा, मरण एकसारखं, जणू एकच लांडगा पुन्हा पुन्हा मरत होता. नामदेव आणि त्याच्या वस्तीतली माणसं पाणी घेऊन माळावर फिरत होती, रडत होती. शेवटी एक मादी उरली, काळ्या शेपटीच्या मादीची लेक. ती का वाचली ते भाऊजींनाही सांगता आलं नाही. गाव तिला एकटी म्हणतं.

मी भाऊजींशी भांडलो ते या सुमारास. अमरावतीच्या रस्त्यावर एका टपरीवर चहाला थांबलो होतो. मी म्हणालो, "त्या नामदेवाला आता सांगा, की तू काय करून बसलास." ते म्हणाले, "काय सांगू? तुझ्या मायेनं मारलं, असं सांगू? तो जर लांडग्यांचा वैरी असता तर सांगितलं असतं." मी म्हणालो, मग तो नर राहिला असता तर सारे वाचले असते हे खरं की नाही? ते म्हणाले, "असं मी म्हणणार नाही. डिस्टेंपर वाईटच असतो, चांगल्या रक्तालाही सोडत नाही. पण त्याची पिल्लं असती तर त्यातल्या एखाद्याला तरी तो शत्रू ओळखता आला असता. एखादं तरी जास्त वाचलं असतं. आता तेही नाही." "आणि पुढच्या वेळी?" मी विचारलं. "अजून एखादा आला आणि यांनी पुन्हा फटाके फोडले तर?" भाऊजींनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "पुढच्या वेळी मी आहे ना," ते म्हणाले. मला वचन द्यायला लावलं, की मी हे कोणाला बोलणार नाही. मी चिडूनच दिलं.

त्यानंतर ते आतल्या आत खचत गेले. लग्नांना जाणं सोडलं. पत्रिका यायच्या, ताई आहेर घेऊन एकटी जाऊन यायची. माळावर मात्र जायचे, एकटीचा माग काढत. मला म्हणायचे, "संध्याकाळी ती ओरडते. पलीकडून उत्तर येतं का म्हणून थांबते. मग पुन्हा ओरडते." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं आणि मी, ज्यानं आयुष्यभर त्यांची चेष्टा केली, मला एक विनोद सुचायचा नाही. अजून कोणीतरी येईल, या एका आशेवर ते रोज सकाळी बूट घालत होते. शेवटच्या सकाळीही त्याचसाठी.

तेरवीला माळाकडची माणसं मालवाहू ऑटो करून आली होती. नामदेव फोटोपुढे बसला आणि लहान मुलासारखा रडला. जेवणं झाल्यावर मंडपात माणसं आठवणी सांगत होती, तेव्हा तो उभा राहिला. त्यानं साहेबांनी आपल्याला कसं शिकवलं ते सांगितलं, आणि मग सांगितलं ते ऐकून माझ्या अंगाची आग झाली. "परका घुसला होता, आमी हाकलला, तवा साहेबानं मले शाबासकी देल्ली. तेवढी शाबासकी मी मरेलोग इसरनार नाई." मी उठलोच होतो. पण वाढता वाढता ताई माझ्यासमोर आली, हातात वरणाचं पातेलं, आणि तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. भाऊजींनी माझ्याकडून वचन घेतलं होतं, पण तिच्यापासून त्यांनी कधी काही लपवलं नाही. मी खाली बसलो. नामदेव नमस्कार करून निघून गेला, ती शाबासकी उराशी घेऊन.

मागच्या आठवड्यात मी ताईकडे गेलो होतो. घर आता फार शांत असतं. मागच्या खोलीतला फ्रीझर घुरघुरतो तेवढाच आवाज. तो बंद कर, असं ताईला पुष्कळांनी सांगितलं, तिनं ऐकलं नाही. भाऊजींचा फोनही तिनं चालू ठेवला आहे. स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला तो चार्जिंगला असतो. मी जेवायला बसलो होतो, ताई पोळ्या लाटत होती, आणि तो वाजला. स्क्रीनवर नामदेवाचं नाव. ताईचे हात पिठाचे होते, म्हणून तिनं करंगळीनं स्पीकर लावला.

"डाक्टरीनबाई, मी नामदेव बोलून राहिलो. साहेब नाई हे मले मालूम हाये. पन सांगाव कोनाले? म्हून इथंच लावला." मागं मेंढ्यांच्या घंट्या ऐकू येत होत्या. "एक परका आला हाये रानात. नर हाये, मोठा. आपल्या एकटीच्या मांगं मांगं फिरून राहिला. पोट्टे फटाके आनून बसले. म्या म्हटलं, थांबा, साहेबाच्या घरी इचारून घेतो. हाकलू काय?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. भाऊजी ज्या फोनची वाट पाहत गेले तो हा फोन होता, आणि तो उचलायला ते नव्हते. नुसतं 'हाकलू नका' म्हणून भागलं नसतं, हे तिला माझ्याआधी कळलं. काहून, असं त्यानं विचारलंच असतं, आणि खरं कारण नसतं सांगितलं तर पोट्ट्यांनी कधीतरी फटाके लावलेच असते. ज्या माणसाला भाऊजींनी मरेपर्यंत एका गोष्टीपासून जपलं, त्याला ती गोष्ट माझ्या बहिणीला सांगायची होती. ती शांतपणे म्हणाली, "नामदेवभाऊ, हाकलू नका. राहू द्या त्याले."

"पन परका हाये न, बाई."

"परका हाये म्हणूनच राहू द्या. मांगं दिवाळीत तुमी जो हाकलला, तोही असाच राह्याले आला होता. साहेब त्याचीच वाट पाहत होते. तो राहिला असता तर त्याची पिल्लं झाली असती, आणि रोगात त्यातलं एखादं तरी टिकलं असतं. सारे एकाच रक्ताचे होते, म्हणून सारेच गेले." एवढं सांगून ती थांबली. पलीकडे फक्त घंट्या. मग नामदेवाचा आवाज आला, पण तो मघाचा नव्हता.

"साहेबाले हे मालूम होतं?"

"होतं."

"कवापासून?"

"तुमी सांगितलं तेव्हापासून."

"मंग मले शाबास काहून म्हटलं त्याईनं?"

शेवटी तो स्वतःशीच "बरं" असं म्हणाला आणि फोन बंद झाला. ताईनं पिठाचे हात धुतले, पदरानं फोनची काच पुसली आणि तो परत चार्जिंगला लावला. मग ती ओट्याला टेकून रडली, तेराव्यालाही रडली नव्हती तशी. जरा वेळानं मी विचारलं, हे सारं लिहून छापायला देऊ का. ती म्हणाली दे, माळाच्या चारी बाजूंना गावं आहेत, एकट्या नामदेवाला ठाऊक असून काय उपयोग. आणि मग म्हणाली, "तो राहिला तर नामदेव फोन करतील. गेला तरी करतील." 

मी हे लिहून संपवतो आहे तोवर नामदेवाचा फोन आलेला नाही. माझ्या फोनमधलं 'भाटवे' हे नाव मी बदललेलं नाही. ताई अधूनमधून त्याच नंबरावरून बोलते, कधी भाजीचं, कधी गुडघ्याचं. ते नाव दिसलं की मी फोन उचलतो आणि आता आधी काही बोलत नाही. ती बोलेपर्यंत गप्प राहतो. लांडग्यांचं तिनं मला अजून काही सांगितलेलं नाही.